‘मग?’ म्हणणारा वाळू

खंडेरावनं व्हिजिटिंग कार्ड छापून आणलं आणि पहिलं मला दिलं. मला! ज्याच्या घराची भिंत त्याच्या घराला लागून आहे त्याला. कार्डावर नाव, नावाखाली ‘ज्येष्ठ लोककलावंत’, आणि त्याखाली फोन नंबर, तोही समोरच्या किराणा दुकानाचा.

“कसं हाय?” त्यानं विचारलं.

“चांगलं हाय. पण ज्येष्ठ कधी झाला तू?”

“राज म्हणाला, लिहावं लागतं.”

हा राज कोण ते सांगतो, पण आधी आमच्याबद्दल सांगायला हवं. आमची जागरणाची पार्टी आहे. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पार निफाडपर्यंत कुणाच्या घरी लग्न झालं की खंडोबाचं जागरण घालायला आम्हाला बोलावणं येतं. खंडेराव दिमडी वाजवतो आणि देवाची कथा सांगतो. मी झुंबर, तुणतुणं वाजवतो. तिसरा वाळू. वाळू काहीच वाजवत नाही. तो विचारतो.

आमच्याकडे रीत अशी की देवाची कथा कुणावर लादायची नाही. सांगणाऱ्यानं एका जागेवर येऊन थांबायचं. साथीदारानं “मग?” म्हणून विचारायचं, आणि मगच कथा पुढे न्यायची. नाही विचारलं तर उभं राहायचं. देव पहिल्या बायकोशी खोटं बोलून घराबाहेर पडतो तिथं वाळूचं “मग?” इतकं काळजीचं असायचं की समोरच्या बाया पदराचं टोक तोंडात धरायच्या. देव मेंढरं राखायला चाकरीला राहतो तिथं तेच “मग?” असं खट्याळ यायचं की म्हातारी माणसं मांडीवर थाप मारायची. शब्द एकच, पण दरवेळी वेगळा. आणि त्याच्या “मग?”शिवाय खंडेराव एक पाऊल पुढे टाकत नसे. आमचा गुरू तसंच शिकवून गेला.

वाळूचा मळा मखमलाबादला आहे, कोथिंबीर आणि शेवंती. त्याची मनीषा लहान असताना जागरणात खंडेरावच्या मांडीला डोकं लावून झोपायची आणि दिमडी वाजली तरी उठायची नाही. तेव्हाच खंडेरावनं चारचौघांत शब्द दिला होता, “हिच्या लग्नाचं जागरण मीच घालणार. दुसऱ्या कुणाला उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाय.” मनीषा हे सगळ्यांना सांगत फिरायची. शाळेत तिच्या मैत्रिणींना वरातीच्या बँडची स्वप्नं पडायची, हिला खंडूकाकाच्या दिमडीची.

आता राज. कुंभमेळ्याचे रस्ते नुकतेच रुंद झाले होते आणि नाशिक शहरात सगळ्यांनाच काहीतरी मोठं करावंसं वाटत होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. राज गंगापूर रोडला राहायचा. त्याला मातीशी नातं जोडायचं होतं, आणि घर चौथ्या मजल्यावर. त्यानं एका लग्नात खंडेरावला ऐकलं आणि जेवणाच्या पंगतीतच त्याचे पाय धरले. खंडेरावच्या पायाला तोवर फक्त चिखल लागलेला, हात कधी लागला नव्हता. माणूस तिथंच वाहून गेला.

राजच्या डोक्यात फ्युजन होतं. त्याचे मित्र आणि खंडेराव यांनी मिळून कार्यक्रम करायचा. समाधान कीबोर्डवर, निकिता आलाप घेणार, देवळाली कॅम्पचा एक जण गिटार वाजवणार. याला ते कोलॅबोरेशन म्हणत. खंडेरावही म्हणू लागला. दाढी करताना म्हणायचा, बैलाला पाणी पाजताना म्हणायचा. मालनबाई, म्हणजे त्याची बायको, एकदा वैतागून म्हणाली, “त्या कोलाबरेशनला सांगा, दळण आणायचं राहिलंय.”

तालमीला आम्ही तिघंही गेलो. चौथ्या मजल्यावर चहा आला, खाली बसायला चटई आली. ते लोक खुर्च्यांवर बसले. राजनं माझं तुणतुणं हातात घेऊन पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, “काका, हे पाहिजेच! फोटोत फार सुंदर येईल.” मग वाळूकडे वळला.

“आणि हे काका काय वाजवतात?”

“हा मग म्हणतो,” खंडेराव म्हणाला.

“मग काय म्हणतात?”

“मगच म्हणतो.”

राजनं समाधानकडे पाहिलं. समाधाननं पोराचा खेळ समजावल्यासारखं सांगितलं, “एवढंच ना? आवाज रेकॉर्ड करून एका पट्टीवर टाकू. पट्टी दाबली की मग.”

वाळूला यातलं कळलं ते एवढंच, की आपला आवाज रेकॉर्ड होणार. दुसऱ्या दिवशी तो मनीषाच्या साखरपुड्याला शिवलेला सदरा घालून आला. दाढी घोटलेली, केसांना तेल. समाधाननं त्याच्यासमोर माइक धरला. वाळूनं विचारलं, “कोणत्या जागंचं पाहिजे?”

“म्हणजे?”

“म्हंजी देव घरातून निघतो तिथलं, का मेंढवाड्यावर जातो तिथलं?”

“काका, साधं. नॉर्मल.”

नॉर्मल मग वाळूनं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. तो गांगरला. शेवटी बाजारात गिऱ्हाईक भाव पाडून मागतं तेव्हा म्हणतात तसं काहीतरी म्हणाला. समाधान म्हणाला, “परफेक्ट. झालं, काका. तुम्ही आता फ्री.”

वाळू घरी जाऊन बायकोला, फुलाबाईला म्हणाला, “सदरा धुऊन ठेव, कार्यक्रमाला लागंल.” खंडेराव आणि मी तिथंच उभे होतो. खंडेरावनं हे ऐकलं आणि शेवंतीकडे बघत राहिला. स्टेजवर आता वाळूच्या जागी पट्टीच असणार, हे त्यानं सांगितलं नाही. मला त्याचा एवढा संताप आला की घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. घर शेजारीच असल्यामुळे मात्र फार काळ जमलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी वाळू धुतलेला सदरा घालून हॉलवर आला. दारावरच्या मुलीनं त्याला पास दिला आणि मागच्या रांगेत बसवलं. तेव्हा त्याला समजलं.

कार्यक्रमाचं नाव ‘दिमडी अनप्लग्ड’. स्टेजवर पाय ठेवायला जागा नव्हती एवढ्या वायरी होत्या. प्लग नव्हता तो फक्त माझ्या तुणतुण्याला. मला अगदी पुढे बसवलं होतं, माइक मात्र दिला नव्हता. मी दीड तास जीव तोडून वाजवलं ते माझ्या मांडीनं ऐकलं.

खंडेराव भगव्या फेट्यात आला. टाळ्या पडल्या. निकितानं आलाप घेतला, गिटार किणकिणली, धूर सोडला. धुरानं खंडेरावला खोकला आला, त्यालाही टाळ्या पडल्या. कथा सुरू झाली. देव पहिल्या बायकोशी खोटं बोलून घराबाहेर पडला, आणि खंडेराव सवयीनं थांबला. समाधाननं पट्टी दाबली. चारी बाजूच्या स्पीकरांतून वाळूचं बाजारातलं “मग?” आलं आणि त्यामागून त्याचे पडसाद आले, मग, मग, मग. देवाची बायको दारात रडतेय आणि कुणीतरी जुडीचा भाव विचारतंय!

खंडेराव दचकला. त्याला ते विचारलं गेल्यासारखं वाटेना. तो उभाच राहिला. समाधाननं पुन्हा पट्टी दाबली. पुन्हा तेच. खंडेरावचे डोळे मागच्या रांगेत वाळूला शोधायला लागले, पण दिवे तोंडावर, त्याला काय दिसणार! कपाळावरून घाम ओघळला. मी तुणतुणं खाली ठेवून हळूच “मग?” म्हणालो, पण मला माइक नव्हता हे मी विसरलोच होतो.

पहिल्या रांगेतल्या एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थानं डोळे मिटून “वाऽऽ” केलं. झालं. सगळा हॉल उभा राहिला आणि टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. देव घराबाहेर पडला तो दारातच राहिला, मेंढवाड्यापर्यंत पोचलाच नाही, आणि लोकांनी कार्यक्रम डोक्यावर घेतला.

दोन दिवसांनी पेपरात आलं: ‘खंडेरावांच्या अर्थपूर्ण मौनाने नाशिककर अंतर्मुख.’ खाली चौकटीत आगामी कार्यक्रम: पुणे, ठाणे, दिल्ली. राज म्हणाला, पुण्यात ते मौन आणखी थोडं लांबवा.

पुण्याची तारीख नेमकी मनीषाच्या जागरणाची निघाली.

खंडेराव पेपर घेऊन वाळूच्या मळ्यावर गेला. एकट्याला जायची छाती होईना म्हणून मला घेऊन गेला. वाळू बांधावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. हॉलवरची गोष्ट त्यानं काढली नाही. खंडेरावच सांगू लागला.

“पेपरात आलं बरं का. लय मोठं आलं.” आणि थांबला.

वाळूनं जुडी बांधली.

“पुण्याला बोलावलंय. मोठं थेटर हाय म्हणे.” पुन्हा थांबला.

वाळूनं दुसरी जुडी घेतली. विचारल्याशिवाय पुढचं सांगायची खंडेरावला सवयच नव्हती, आणि पुढचं तर सांगण्यासारखंही नव्हतं.

“वाळू, मग म्हण की रं,” तो अखेर म्हणाला.

वाळूनं जुडी पाटीत टाकली. “माझं मग तुमच्या पेटीत हाय. दाब की पट्टी.”

तेवढ्यात मनीषा पाण्याचा तांब्या घेऊन आली. “खंडूकाका, जागरणाला गडावरचा भंडारा आणलाय बरं का बाबांनी,” ती म्हणाली. खंडेराव पाणी न पिताच उठला.

वाटेत माझ्यावर भडकला. “कलाकारानं काय जन्मभर लग्नाचेच मांडव बघायचे का? एवढा मान मिळतोय तर यांच्या पोटात का दुखतं?” मी म्हणालो, “माझ्यावर कशाला ओरडतो? मला तर माइक पण नाय.” त्या संध्याकाळी तो जेवला नाही. मालनबाईनं ताट झाकून ठेवलं आणि एवढंच म्हणाली, “पोरगी तुमच्या मांडीवर वाढली.”

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातून त्यानं राजला फोन लावला. मी साबण घ्यायच्या निमित्तानं जवळच उभा होतो. खंडेरावनं आधी खाकरून घेतलं. “राजसाहेब, त्या दिवशी घरचं जागरण हाय. मला येता नाय येणार. तारीख तेवढी पुढं ढकला.” मनातून त्याला वाटत होतं, राज हातापाया पडेल, गाडी घेऊन येईल, तारीख बदलेल.

पलीकडून राजचा आवाज इतका गोड आला की मलाही ऐकू आला. “काका, अजिबात टेन्शन घेऊ नका. नाशिकचा सगळा प्रयोग रेकॉर्ड केलाय आपण. तुमचा आवाज आहे, दिमडी आहे, ते मौनसुद्धा आहे. समाधान फेटा बांधून उभा राहील. तुम्ही निवांत जागरण करा.”

खंडेरावनं फोन ठेवला. दुकानदारानं विचारलं, “काय म्हणतंय पुणं?” खंडेरावनं खिशातली उरलेली कार्डं काउंटरवर ठेवली. दुकानदारानं पुढे कितीतरी दिवस त्यांच्या मागच्या बाजूला हिशेब केले.

जागरणाला खंडेराव वेळेवर आला, साध्या पागोट्यात. मनीषानं पाया पडून त्याच्या कपाळाला भंडारा लावला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. वाळू घरचा यजमान, त्यामुळे तो देवापुढे भंडारा-खोबऱ्याची तळी घेऊन बसलेला. यजमानानं विचारायचं नसतं, ते साथीदाराचं काम. निदान त्यानं कारण तरी तेच सांगितलं. मग विचारायचं माझ्यावर आलं, आणि मी ते इतकं वाईट केलं की देव घरातून निघाला तिथं बाया हसल्या आणि मेंढवाड्यावर हसायचं तिथं सगळे गप्प. तरी खंडेराव एकेक जागा ओलांडत गेला. दरवेळी आधी वाळूकडे बघायचा, मग नाइलाजानं माझ्याकडे. वाळू दिव्याची वात सारखी करत राहायचा.

उजाडता उजाडता देवाचं लग्न लागलं. आरती झाली, चहा आला, आणि चहाबरोबर फाट्यावरून आलेला ताजा पेपर. मनीषाच्या नवऱ्यानं पान उघडून खंडेरावच्या हातात दिलं. “काका, तुमचं नाव आलंय.”

खंडेरावनं चष्मा लावला आणि मांडवभर ऐकू जाईल असं वाचलं: “‘खंडेरावांच्या दमदार सादरीकरणाने काल पुणेकर भारावले. तब्येत बरी नसतानाही त्यांनी अखेरपर्यंत रंगमंच सोडला नाही.’”

एवढं वाचून तो थांबला. सगळा मांडव त्याच्याकडे बघू लागला. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी तळीशेजारून आवाज आला. काळजी, खट्याळपणा, सगळं त्यात होतं, आणि असं मी त्याच्याकडून पूर्वी कधीच ऐकलं नव्हतं.

“मग?” वाळूनं विचारलं.

खंडेरावनं चष्मा काढला. “मग मला काय माहीत बाबा,” तो म्हणाला. “मी इथं व्हतो.”