पंधरा जर्स्यांची साक्ष

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. एका शिंप्याने अख्ख्या रग्बी संघाचं शौर्य एका दुपारीत कात्रीने बेतलं आणि भर सभेत, साठ माणसांच्या देखत, मांडून दाखवलं. ज्याला ही थाप वाटते त्याने खुशाल उठून जावं. खुर्ची दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल.

स्टेडियमच्या मागच्या गल्लीत या शिंप्याचं दुकान. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, आणि भिंतीवर एक आरसा, ज्यात माणूस जरा बारीक दिसायचा. निम्मं गिऱ्हाईक त्या आरशानेच बांधून ठेवलं होतं. चाळीस वर्षं क्लबच्या जर्स्या सामना संपला की आधी त्याच्याकडे येत आणि मग लाँड्रीत जात, कारण फाटकं कापड धुतलं की भोक वाढतं. त्याची जीभ मशीनपेक्षा जास्त धागा खाते, असं बायको म्हणायची, आणि ती होती तोवर तिला कुणी खोटं पाडू शकलं नाही. एकदा म्हणे त्याला एका जर्सीच्या कॉलरमध्ये कान सापडला.

“मग काय केलंत हो?”

“काय करणार! पाकिटात घालून परत पाठवला. पुढच्या सामन्यात गडी मैदानात हजर. फक्त डॉक्टरने घाईत कान उलटा लावला, त्यामुळे शिट्टी वाजली की बिचारा भलतीकडेच पळायचा.”

लोक पोट धरून हसत. थाप आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून ती कुणाला टोचत नसे.

यंदा मात्र गल्लीतलं हसू आटलं होतं. संघ ओळीने अकरा सामने हरला होता आणि संघाचा मुख्य कोच होता शिंप्याचा जावई. दोन वर्षांपूर्वी जे लोक दुकानाशी थांबून “जावयांना आमचा नमस्कार सांगा” म्हणत, ते आता सायकलवरून न उतरताच विचारत, “काय मामा, जावई कधी हलतायत?”

क्लबचा मॅनेजर पक्का. काठी मारायची तर ती दुसऱ्याच्या हातात द्यावी म्हणून त्याने समर्थक मंडळाला कळवलं: कोच ठेवायचा की बदलायचा हे तुम्ही ठरवा, मंडळ म्हणेल तसं करू. सभा रविवारी सकाळी अकराला.

शुक्रवारी संध्याकाळी शिंप्याची लेक तिच्या मुलीला न्यायला दुकानात आली. आली, पण बसली नाही.

“बाबा, रविवारी तुम्ही बोलू नका.”

“मी नाही बोलायचं? मग काय नंदीबैलासारखी मान हलवू?”

“हलवा. त्यांना काढू दे.”

मशीनचं चाक थांबलं. “पोरी, नवऱ्याची नोकरी जावी म्हणतेस?”

“जावी. स्वतःहून ते सोडणार नाहीत. पाठ दाखवून जायचं नाही म्हणतात. ताटावरून तसेच उठतात. परवा फाटकावर कुणीतरी अंडी मारली. अकरा. मोजून मारली, बाबा. वर्गात हिचं नाव ‘अकरा-शून्य’ पडलंय. तिकडे त्या बंदरातल्या छोट्या संघाने महिनाअखेरपर्यंत यांच्यासाठी कोचची जागा धरून ठेवलीय. इथून मोकळे झाले की आम्ही जातो.”

“बंदर? दोन दिवसांचा प्रवास आहे तो.”

“हो.”

“आणि ही?”

नात टेबलाखाली मांडी घालून बटणं रंगाप्रमाणे लावत होती.

“ही म्हणजे? हिला काय काजं करायला तुमच्याकडे ठेवून जाऊ?”

शिंप्याने वाकून टेबलाखालचं एक बटण उचललं आणि भलत्याच रंगात ठेवलं. बायको गेल्यापासून त्याचा दिवस दोन तासांचा होता: शाळा सुटल्यापासून लेक येईपर्यंत. त्या वेळात टेबलाखालून प्रश्न येत, वरून थापा जात. बाकीचे बावीस तास तो नुसता कपडे शिवायचा.

“बघू,” तो म्हणाला.

“बघू नका. गप्प बसा. जन्मात एकदा.”

शनिवारी दुपारी त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि शेवटच्या सामन्याच्या जर्स्या टेबलावर पसरल्या. जर्सी खोटं बोलत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? चांगल्या दिवसांत ती खांद्यावर आणि छातीवर फाटून यायची. गडी समोरच्यावर तुटून पडला, त्याची खूण. या वर्षी फाटली तर पाठीवर, कॉलरजवळ. पळणाऱ्याला मागून धरल्याची खूण. आणि बऱ्याचशा तर फाटतच नव्हत्या. पोरांनी जावयासाठी जीव टाकणं केव्हाच सोडलं होतं. हे गुपित अकरा सामने या दुकानात रफू होत होतं.

पाठीवरच्या दोन-चार चिरा रफू करून त्याने कात्री घेतली. आधी एक खांदा, मग एक छाती. हात मोठा आज्ञाधारक निघाला. तुळशीची नव्हे, साध्या शोभेच्या झाडाची कुंडी होती दारात. तिच्यातली माती ओली करून त्याने एकेका चिरेवर चोळली. पंधरा जर्स्या झाल्या, तेव्हा चहा निवून त्यावर साय धरली होती.

“कुणाचं वाईट तर करत नाही ना मी,” तो आरशाला म्हणाला. आरशात तो बारीकच दिसला.

मंडळाच्या सभेची एक जुनी रीत होती. रग्बीत हाताने चेंडू पुढे टाकता येत नाही, मागेच द्यावा लागतो. सभेतही तसंच. चेंडू पहिल्या रांगेत निघायचा, ज्याच्या हातात तो असेल त्याने बोलायचं, मग मागच्या कुणाला तरी द्यायचा. एकदा चेंडू मागे गेला की पुढच्यांची तोंडं बंद. शेवटचा शब्द शेवटच्या रांगेचा. त्यामुळे इतर सभांत लोक पुढच्या खुर्चीसाठी भांडतात, इथे मागच्या. शिंपी नऊलाच येऊन शेवटच्या रांगेत बसला, मांडीवर जर्स्यांची पिशवी घेऊन. लेक वेळेवर आली आणि म्हणून तिला पहिली रांग मिळाली.

अध्यक्ष अँब्युलन्स चालवायचे. सगळे त्यांना ‘सायरन’ म्हणत, कारण खासगीतलं बोलणंही चौकापर्यंत जायचं.

“वहिनी, पहिला चेंडू तुमचा!”

तिने तो धरला, फिरवला. भर सभेत ‘माझ्या नवऱ्याला काढा’ कुठल्या तोंडाने म्हणायचं? “मला काही बोलायचं नाही,” म्हणून तिने चेंडू मागे दिला.

गणिताच्या बाई उभ्या राहिल्या. “अकरा सामने. चेंडू रेषेपार नेऊन केलेले आपले ट्राय नऊ, त्यांचे अठ्ठेचाळीस. वर्गात कुणी असे मार्क आणले तर मी घरून मोठ्या माणसाला बोलावते.”

“सासरे आलेत की!” कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. शिंपीही हसला. त्याला हसावंच लागलं.

न्हाव्याने चेंडू घेतला. “कोच बदलून काय होतंय? डोकं तेच, भांग तेवढा बदलतो. आणि तो नवा येणार म्हणतात, त्याने मागच्या संघाचं पार टक्कल केलंय. माझं मत, आहे तेच राहू दे.”

काही माना डोलल्या. पण मग चेंडू दाताच्या डॉक्टरांकडे गेला. हा माणूस कधी आवाज चढवत नसे, म्हणून तो बोलला की लागायचं.

“पूर्वी सामन्यानंतरच्या सोमवारी माझ्याकडे दोन-तीन पोरं यायची. दात हातात, आणि तोंडभर हसू. यंदा एकही आला नाही. एकही. या कोचसाठी दात पाडून घ्यायला कुणी तयार नाही. अजून काय बोलायचं?”

साठ माणसांनी मनातल्या मनात हात वर केल्याचं शिंप्याला ऐकू आलं. डॉक्टरांनी मागे बघितलं. चेंडू मागणारा हात एकच होता.

“डॉक्टर,” शिंपी उठून म्हणाला, “तुम्हाला समोरच्याने आ केल्याशिवाय काही दिसत नाही, यात तुमचा दोष नाही. दात वाचले, कारण मार छातीवर घेतला.”

आणि त्याने पिशवी पालथी केली.

“हा बघा आठ नंबर. खांदा! हा बघा फुलबॅक, सगळ्यांत मागचा गडी. छाती, इथून इथपर्यंत! शेवटच्या सामन्याच्या आहेत, चिखलासकट. मी चाळीस वर्षं या जर्स्या शिवतोय. मी असे खांदे पाहिलेले नाहीत. मंगळवारी जर्स्या आल्या तेव्हा टेबलावर ठेवल्या, तर टेबल कण्हलं. तुम्ही हसा. पण पाठीवर एक चीर दाखवा मला! एक! पोरं हरतायत, पण तोंड फिरवत नाहीत. असा संघ ज्याने उभा केला त्याला घालवायचं? मग माझंही काम घ्या काढून. मला पळणाऱ्यांचे कपडे शिवायची सवय नाही.”

जर्स्या हातोहात फिरल्या. न्हाव्याने चिरेतून बोटं घातली आणि “आई गं” म्हणाला. गणिताच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. सायरनसाहेबांनी पहिल्यांदाच हळू आवाजात “वा” म्हटलं. डॉक्टर खाली बघत होते. हे सगळं शिंप्याने पाहिलं, आणि त्याला येत्या मंगळवारी चार वाजता, शाळा सुटल्यावर, टेबलाखाली नातीचे दोन छोटे पाय दिसले. त्याच्या मागे रांग नव्हती. चेंडू त्याच्याच हातात होता.

“मग मतदान घेऊ,” अध्यक्ष म्हणाले.

पहिल्या रांगेतली खुर्ची सरकली.

“वहिनी, अहो, चेंडू मागे गेलाय. आता तुम्हाला बोलता येत नाही.”

ती बोलली नाही. मधल्या वाटेने चालत मागे आली. न्हाव्याच्या हातातली जर्सी तिने घेतली, उलटी केली, आणि अंगठा चिरेवरून शिलाईपर्यंत नेला. मग बाईंच्या हातातली घेतली. मग तिसरी. बाराव्या वर्षीच ती दुकानातल्या त्या टेबलाशी बसून काजं करायला शिकली होती. शिंप्याने तिच्याकडे बघत ‘नको’ म्हणून मान हलवली, अगदी थोडी, इतरांना दिसणार नाही इतकी.

तिला दिसली. तिचे डोळे भरून आले, पण आवाज कोरडाच राहिला.

“बाबा, अंगावर येणारा माणूस जर्सी फाडताना नंतर शिवायला सोपं जावं म्हणून शिलाईपासून अर्धा इंच सोडत नाही. इथे प्रत्येकीवर सोडलाय. हे फाटलेलं नाही. तुम्ही कापलंय.”