अकरा सेकंदांची सून

अडीअडचणीला धावून जाणारी बाई अशी सुलक्षणा परबची बोरीवलीत ओळख होती, आणि ती खोटी नव्हती. कुणाला रक्त हवं असो, कुणाच्या मुलीला सासरी त्रास असो, सोसायटीतल्या बायका पहिला फोन तिलाच लावायच्या. दिवसभर मालाडला एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी करायची आणि संध्याकाळी महिला मंडळ सांभाळायचं, असा तिचा पंचवीस वर्षांचा शिरस्ता. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे साठ बायका होत्या. तिचे सासरे कणकवलीहून येऊन गिरणीत लागलेले, संपात उतरलेले. अन्याय दिसला की तोंड उघडायचं, हे आपण त्यांच्याकडून शिकलो, असं ती अभिमानानं सांगायची.

एप्रिलमधला रविवार होता. सकाळी दहाच्या सुमारास सुलक्षणा बागेतून फेऱ्या मारून निघाली होती. ऊन चांगलंच तापलं होतं. पाणपोईजवळ एक सत्तरीचे आजोबा कसाबसा डाव्या हातानं पाण्याचा पेला तोंडाशी नेत होते. तेवढ्यात चाळिशीची एक बाई धावत आली, तिनं पेला हिसकावून घेतला आणि आजोबांवर ओरडली, "बाबा, किती वेळा सांगायचं तुम्हाला?" आजोबा हात पुढे करून पाणी मागत राहिले. सुलक्षणाचं डोकंच फिरलं. तिनं फोन काढून चित्रण सुरू केलं. बाईनं पेल्यातलं पाणी झाडात ओतलं आणि आजोबांना दंडाला धरून बाकाकडे ओढत नेलं.

घरी आल्यावर तिनं व्हिडिओ पाहिला. दोन मिनिटांचा होता. महत्त्वाचा भाग सुरुवातीलाच होता, म्हणून पुढचं तिनं कापून टाकलं आणि अकरा सेकंद ठेवले. मंडळाच्या ग्रुपवर तो टाकताना खाली लिहिलं, 'रणरणत्या उन्हात सासऱ्याच्या तोंडचं पाणी हिसकावणारी सून. हिला ओळखत असाल तर पुढे पाठवा.' ती बाई सून आहे की मुलगी, हे तिला ठाऊक नव्हतं. पण मुलगी असं करणार नाही, एवढं तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं.

ग्रुपवरच्या बायकांनी व्हिडिओ पुढे पाठवला. रात्रीपर्यंत तो एका मोठ्या पेजवर गेला, आणि मंगळवारी ऑफिसात लोक सुलक्षणालाच तो दाखवू लागले. "मीच काढलाय तो," असं म्हणताना तिला बरं वाटायचं. खाली हजारो लोकांनी शिव्या घातल्या होत्या. बुधवारी कुणीतरी त्या बाईचं नाव शोधून काढलं. संघमित्रा साळवे, बोरीवली पूर्वेला राहते, एका बालवाडीत शिकवते. मग काहींनी तिच्या आडनावावर आणि वस्तीवरही तोंडसुख घेतलं. ते वाचून सुलक्षणा जरा चरकली. पण लोकांच्या तोंडाला आपण काय करणार, म्हणून तिनं ते सोडून दिलं. गुरुवारी ग्रुपवर बातमी आली की पालकांनी तक्रारी केल्या आणि बालवाडीनं त्या बाईला घरी बसवलं. बायकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. सुलक्षणानंही एक पाठवलं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं ही बातमी कुंडलिकरावांना सांगितली. कुंडलिक हे ऑफिसच्या रेकॉर्ड विभागातले जुने, मितभाषी गृहस्थ. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. त्यांनी डबा बाजूला सारला आणि व्हिडिओ दोनदा पाहिला.

"परब मॅडम," ते म्हणाले, "शेवटी त्या बाईचा हात पिशवीत जाताना दिसतो. तिनं काय काढलं?"

सुलक्षणा गोंधळली. असं काही काढलं होतं का? कापलेला भाग तिनं एकदाच, तोही घाईत पाहिला होता. मूळ व्हिडिओ फोनमध्ये होता. तिनं तो लावला. आजोबांना बाकावर बसवून ती बाई पिशवीतून एक डबी काढत होती. बाटलीतलं पाणी दुसऱ्या पेल्यात घेऊन तिनं त्यात डबीतली पूड घातली, चमच्यानं ढवळली. मग आजोबांची हनुवटी हलकेच खाली करून ते घट्ट झालेलं पाणी चमच्याचमच्यानं भरवू लागली. शेवटी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथं व्हिडिओ संपला.

कुंडलिकरावांनी समजावून सांगितलं. त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला होता. त्या आजारात कधीकधी गिळण्याची ताकद जाते. साधं पातळ पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसांना संसर्ग होतो. म्हणून पाणीसुद्धा घट्ट करून द्यावं लागतं. पण रोग्याला तहान साध्या पाण्याचीच लागते. "माझी आई एकदा आमची नजर चुकवून माठातलं पाणी प्यायली," ते म्हणाले. "त्यातच गेली. तेव्हा कुणी असा पेला हिसकावायला हवा होता."

सुलक्षणानं आपला डबा मिटला. ती दोन मिनिटं तिनं स्वतः पाहिली होती. आपल्या रागाला जेवढं हवं तेवढंच तिनं ठेवलं होतं. हे अज्ञान नव्हतं. न्याय करायची घाई होती!

तिनं तिथल्या तिथं ग्रुपवरचा कापलेला व्हिडिओ काढून टाकला. पण आता तो हजारो फोनमध्ये होता. गप्प राहावं, असंही एकदा मनात आलं. व्हिडिओ कुणी काढला हे त्या बाईला कुठं माहीत होतं? तरी संध्याकाळी ती विचारत विचारत साळव्यांच्या दारात उभी राहिली.

दार संघमित्रानं उघडलं. डोळे सुजलेले होते. सुलक्षणानं उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, व्हिडिओ कापल्याचंही. संघमित्रानं मान फिरवली. दार मात्र तिनं लावलं नाही. आतून सासऱ्यांचा, भाऊरावांचा, अडखळता आवाज आला, "बाईंना... आत घे."

भाऊराव बसमध्ये तिकीट तपासनीस होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू अधू झाली होती; चार पावलं कशीबशी चालत, एरवी चाकाची खुर्ची लागे. मुलगा दुबईला नोकरीला, त्यामुळे सगळं सुनेवर होतं. दोनदा फुप्फुसांच्या संसर्गानं ते दवाखान्यात होते आणि दोन्ही वेळा तिनंच रात्री जागवल्या होत्या. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. तरी ते थांबत थांबत एक जुनी हकिगत सांगू लागले. एकदा त्यांनी विनातिकीट म्हणून एका बाईला भर बसमध्ये उठवलं होतं. ती तिकीट काढलंय म्हणत राहिली, ह्यांनी ऐकलं नाही. सगळी बस तिला हसली. ती खाली उतरल्यावर तिच्या कडेवरच्या बाळाच्या तोंडातून चघळलेलं तिकीट पडलं. तोवर बस सुटली होती.

"तिची माफी... मागता आली नाही मला," ते म्हणाले. "त्यानंतर तीस वर्षं... आधी विचारायचो. मग बोलायचो. पकडणं सोपं असतं, बाई. विचारायला... थांबावं लागतं."

सुलक्षणाचे डोळे भरून आले. तिनं हात जोडले. तेव्हा संघमित्रा पहिल्यांदा बोलली. "माफी घेऊन मी काय करू? माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांना सांगा. माझ्याकडे त्या आता कशा बघतात, ते मी बघितलंय."

सुलक्षणानं ते मनावर घेतलं. संघमित्राची आणि भाऊरावांची परवानगी घेऊन तिनं अख्खा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि आपल्या नावानिशी लिहिलं की तो मीच काढला, मीच कापला, चूक माझी आहे. त्या मोठ्या पेजला तिनं चार संदेश पाठवले. उत्तर आलं नाही. खोटं लाखो लोकांनी पाहिलं होतं, खरं पाहिलं जेमतेम नऊशेंनी. म्हणून सोमवारी तिनं रजा टाकली आणि बालवाडीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मुलांना सोडायला येणाऱ्या एकेका आईला ती थांबवायची, सगळं सांगायची आणि ती दोन मिनिटं दाखवायची. काही जणींनी तिला सुनावलं. एक म्हणाली, "तेव्हा अक्कल कुठं गेली होती तुमची?" सुलक्षणानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. मंगळवारीही ती गेली. दुपारी सातजणी मिळून मुख्याध्यापिकांकडे गेल्या, आणि गुरुवारी संघमित्रा पुन्हा वर्गावर रुजू झाली. तिला पाहताच मुलं तिच्या साडीला जी लोंबकळली, ती घंटा होईपर्यंत सुटली नाहीत.

सुलक्षणावर चिडून ग्रुपमधून अकरा बायका निघून गेल्या. पुढच्या महिन्यात मंडळाच्या हॉलमध्ये अर्धांगवायूच्या रोग्यांची काळजी कशी घ्यावी, यावर एका डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान ठेवलं, तेव्हा त्यांतल्या चौघी परत आल्या. हॉल भरला होता. घरी असा रोगी असलेल्या कितीतरी बायका पहिल्यांदाच त्याबद्दल मोकळेपणी बोलल्या. पाणी घट्ट कसं करायचं, हे संघमित्रानं सगळ्यांपुढे करून दाखवलं. भाऊराव चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेत बसले होते आणि सुनेकडे कौतुकानं पाहत होते.

आभार मानायला सुलक्षणा उभी राहिली. लांब भाषण तिनं केलं नाही. ती म्हणाली, "मैत्रिणींनो, अन्याय दिसला तर गप्प बसू नका, हे मी आजही सांगेन. पण आधी जवळ जा आणि विचारा. मी त्या दिवशी दहा पावलांवर उभी होते. दहा पावलं चालून 'काय झालं ताई' एवढं विचारलं असतं, तर तिला मदत झाली असती. मी फोन काढला."

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात आज असा फोन आहे. समोरचं माणूस मात्र पडद्यावर दिसतं तेवढंच नसतं. त्याला घर असतं, आजारी माणूस असतं, आधीचं आणि नंतरचं असतं. ते न पाहता आपण शिक्षा सुनावतो आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातो. भोगणारा मात्र विसरत नाही. म्हणून एखादी चित्रफीत पाहून रक्त तापलं, तर बोट आवरावं आणि आधी विचारावं. चूक झालीच, तर जेवढ्या मोठ्यानं दोष दिला, तेवढ्याच मोठ्यानं ती कबूल करावी. त्यात कमीपणा नाही.

सुलक्षणा आणि संघमित्रा आता रविवारी बागेत बरोबरच येतात. भाऊरावांची खुर्ची दोघी आळीपाळीनं ढकलतात, आणि कोपऱ्यावरच्या चढावर कुणाची पाळी होती, यावरून भांडतातही.