मेजरसाहेबांच्या बाटल्या

"मेजरच्या कशा? माझ्यायत त्या!" मॉरीन म्हणाली. किटली हातात तशीच वाकडी. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावरून रूपर्टच्या पँटवर.

कॅटलॉगच्या पहिल्याच पानावर तिच्या बाटल्या होत्या. सत्तेचाळीस रोमन बाटल्या, कुणी करंगळीएवढी, कुणी वितीएवढी. हजारो वर्षं मातीत पडून काचेवर मोराच्या मानेचे रंग चढलेले. आणि वर ठळक अक्षरांत: मेजर ऑक्सली यांचा संग्रह.

"अहो मॉरीन, तीन बाटल्या मेजरच्याच घरातल्या ना? तुमच्या चिठ्ठीवरच होतं," रूपर्ट पँट पुसत म्हणाला. इंग्लंडातल्या कोल्चेस्टरमधलं हे लिलावघर त्याच्या बापाचं, आता त्याचं.

"तीन त्यांच्या. बाकीच्या चव्वेचाळीस?"

"गिऱ्हाईक हल्ली विचारतं, वस्तू आधी कुणाकडं होती? मेजर म्हटलं की गप्प बसतं."

"आणि मॉरीन पिकेट म्हटलं की?"

रूपर्टनं बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून तळाला गेलं.

एकतीस वर्षं मॉरीननं या लिलावघरात लिलावाच्या दिवशी चहा केला. लिलाव उरकला की जे कुणालाच नको असायचं, कान तुटलेलं, ओठ उडालेलं, ते ती आपल्या पगारातून उचलायची आणि घरी खिडकीत मांडायची. आणि थापा तरी किती! म्हणे ही बाटली एका रोमन शिपायाच्या सासूची. सासूला तीन दात आणि बाटलीत शिंकेची पूड. जावई दारात दिसला की म्हातारी बूच काढायची. एकदा वारा फिरला, अख्खी पलटण शिंकायला लागली, आणि शिंकता शिंकता लढाई हरली! ऐकणारे पोट धरून हसायचे.

पण चिठ्ठीवर खोटं अक्षर नाही हं. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून प्रत्येक बाटलीच्या बुडाला डकवलेला. तारीख, लॉटचा नंबर, कुठं फुटलीय ते, आणि खाली 'मॉ. पिकेट'. थापा तोंडानं, खरं हातानं, असा तिचा नेम.

आता ती वृद्धाश्रमातल्या एका खोलीत राहायला निघाली होती. मागंपुढं कुणी नाही. बाटल्या विकायला देताना एकच मागितलं होतं, माझं नाव छापा. "छापतो की!" रूपर्ट म्हणाला होता.

"माझ्या चिठ्ठ्या कुठायत?"

"ऊन पाण्यात काढल्या. बाटल्या कशा स्वच्छ दिसतायत बघा."

स्वयंपाकघरात लिलावघराचा हमाल, म्हातारा बर्नार्ड, तिची वाटच बघत होता.

"अगं, उभी राहा आणि बोंब मार चारचौघांत!"

"मग काय होईल?"

"लिलाव थांबेल. रूपर्टचं नाक कापलं जाईल."

"आणि बाटल्या?"

"तुझ्याकडं परत."

"माझ्या नव्या खोलीला खिडकी आहे एवढी." मॉरीननं हाताची वीत दाखवली. "बाकीच्या जातील जुन्या बाजारात. एक हिच्याकडं, एक तिच्याकडं. नाहीतर तू ने घरी. तुझी बायको त्यांत मिरपूड भरेल."

बर्नार्ड हसला नाही.

लिलावाआधी हॉलमधल्या चहाच्या टेबलाशी निळ्या कोटातली एक बाई आली. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. "मी सगळ्याच घेणार आहे. पोरींसाठी काचेचं कपाट करून ठेवलंय," ती म्हणाली. मग कॅटलॉग उघडून हसायला लागली. "मेजर काय गमतीचा माणूस असेल हो! त्यांची ही सासूची गोष्ट वाचलीत का? पाच दातांची सासू..."

"तीन," मॉरीन म्हणाली.

"काय?"

"दात तीन होते."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

व्यासपीठावर तयारी करणाऱ्या रूपर्टचा हातोडा हातातच थांबला. दारात बर्नार्ड हनुवटीनं खुणावत होता, सांग, सांग! मॉरीननं एकदा समोरच्या पेटीतल्या बाटल्यांकडं पाहिलं. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस, एका ओळीत.

"मेजरसाहेबच सांगायचे," ती म्हणाली. "साखर किती?"

बाटल्या सगळ्या शाळेत गेल्या. रूपर्टनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मॉरीन, तुम्ही म्हणजे सोनं आहात!"

"बिस्किटं संपलीत," मॉरीन म्हणाली आणि कप विसळायला गेली.

बर्नार्डनं कचऱ्याच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून आणल्या. पुठ्ठा फुगलेला, शाई पसरलेली, तरी नाव वाचता यायचं. वृद्धाश्रमातल्या त्या वीतभर खिडकीत मॉरीननं चार उभ्या केल्या. बाकीच्या बुटाच्या खोक्यात. चारही चिठ्ठ्यांच्या मागं तिनं एकेका बाटलीची जागा सोडलीय.

साफसफाईची बाई फडकं घेऊन आली. "आजी, हे कागद हलवू का?"

"हळू पूस गं," मॉरीन म्हणाली. "फुटेल."