थर्ड ग्रेड

"घे, गरम आहेत तोवर खा." बाळकृष्णपंतांनी तळलेल्या गराडू-कंदाचा पुडा कुमुदिनीबाईंच्या पुढ्यात सोडला. "रिपोर्ट आला. गाठ वाईटच आहे, पण थर्ड ग्रेड."

पाळी थांबून दहा वर्षं झाल्यावर बाईंना पुन्हा रक्त जाऊ लागलं होतं. गर्भाशयाची पिशवी काढली, त्याला आता तीन आठवडे होत होते. तेवढे दिवस पंतांच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता.

पंत शिक्षण खात्यात कारकून. मध्य प्रदेश झाला, सेवाज्येष्ठतेच्या नव्या याद्या लागल्या, बरोबरीचे बढती घेऊन भोपाळला गेले आणि पंत इंदूरला होते तिथेच राहिले, थर्ड ग्रेड. फर्स्ट ग्रेडच्या साहेबाच्या एका सहीने माणसाची आडबाजूच्या झाबुआला बदली होई. पंतांच्या सहीने फार तर शाईची बाटली मिळे. तेव्हा लॅबमधला तो इंग्रजी कागद वाचून त्यांना हायसं वाटलं, यात नवल ते काय!

"म्हणजे तुमच्यासारखाच," बाई म्हणाल्या. "बिचारा कोणाचं काय बिघडवणार?"

आणि त्या खुदकन हसल्या. महिन्याभरात पहिल्यांदाच.

सोमवारी ऑफिसला जाता जाता पंतांनी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना कागद दाखवला. त्यांनी शांतपणे समजावलं, की इथे सगळं उलटं असतं. पेशी जितक्या जास्त बिघडलेल्या, तितका ग्रेडचा आकडा मोठा, आणि तीनच्या पुढे आकडाच नाही. शिवाय गाठ पिशवीच्या भिंतीत अर्ध्याहून खोल उतरली होती.

"किरणांचा शेक देऊ आपण," त्या म्हणाल्या. "पण पंतजी, हाती साल-दोन सालच आहेत, असं धरून चला."

पंतांनी ऑफिसात जाऊन एक अर्ज लिहिला आणि बाराच्या आत ते घरी परतले. तीस वर्षांत असं घडलं नव्हतं. मुलीच्या लग्नालासुद्धा त्यांनी दोनच दिवस घेतले होते; त्यांच्या त्या साठवलेल्या रजेला बाई आपली सवत म्हणत.

बाई अंगणात खाटेवर उन्हाला बसून मटार सोलत होत्या.

"इतक्या जल्दी? तब्येत ठीक आहे ना?"

"रजा टाकली."

"किती दिवसांची?"

काही सांगायचं नाही, असं पंतांनी वाटेत पक्कं केलं होतं. पण बाईंशी खोटं बोलायची सवय नव्हती.

"होती तेवढी सगळी."

बाईंचा हात थांबला. मग त्यांनी मटारची टोपली उचलून मांडीवर घेतली आणि खाटेवर जागा केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "सोलू लागा."