उरलेला डाग

पांढरा कोट लाँड्रीच्या काउंटरवर टाकत नणंद म्हणाली, "वहिनी, काहीही कर, पण हा डाग काढ!" खिशाखाली मार्करचा लांबलचक काळा फराटा होता. उद्या ती प्रयोगशाळेची प्रमुख होणार, सगळ्यांसमोर हाच नवा कोट घालून उभी राहणार. सोबत सासूबाई आल्या होत्या, लेकीपेक्षा त्याच जास्त घाबरलेल्या.

इथे काम करणाऱ्या वहिनीला सगळे 'डागवाली' म्हणत. तिनं कोट उजेडात धरला. आलीस ना शेवटी माझ्याच दारात, ती मनात म्हणाली.

कारण असाच फराटा एकदा तिच्या कुर्त्यावर उठला होता. याच प्रयोगशाळेतल्या एका जागेसाठी दोघींना एकाच सकाळी मुलाखतीला बोलावलं होतं आणि निघायच्या वेळी नणंदेचा मार्कर म्हणे चुकून लागला! "अगं, गरम इस्त्री फिरवली की डाग उडतो," असं साळसूदपणे म्हणत तिनं स्वतःच इस्त्री फिरवली, चांगली दाबून. उडतोय कसला! मुलाखत घेणारे साहेब तोंडाकडे बघेनात, डागाकडेच बघत बसले. नोकरी नणंदेला मिळाली. वर सासूबाईंचं पालुपद, "माझी लेक मदतीला धावली आणि हिनं तिच्यावरच आळ घेतला." नोकरी हुकल्याचं तिनं गिळलं. खोटारडी ठरल्याचं काही केल्या गिळवेना.

तिनं खाली जुनं फडकं पसरलं, डाग त्यावर पालथा घातला आणि स्पिरिटात भिजवलेल्या कापसानं वरून टिपायला लागली. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. काळा रंग फडक्यात उतरू लागला, तसा नणंदेचा जीव भांड्यात पडला. अर्धा डाग गेला आणि डागवाली थांबली.

"उरलेला तुमच्या पद्धतीनं काढू या, वन्सं." तिनं तापलेली इस्त्री पुढे सरकवली. "फिरवा."

नणंदेनं हात मागे घेतले. "चेष्टा करू नकोस गं."

"चेष्टा कसली? माझ्या कुर्त्यावर फिरवलीत की."

"फिरव ना," सासूबाई भाबडेपणानं म्हणाल्या. "तूच तर म्हणाली होतीस, डाग उडतो." आणि त्यांनीच इस्त्री उचलली.

"आई, नको! कायमचा बसेल तो!"

सासूबाईंचा हात जागीच थांबला. डागवालीच्या काळजाला असा काही थंडावा मिळाला, विचारू नका!

"हे तुला तेव्हाही माहीत होतं?" सासूबाईंनी विचारलं.

नणंद कोटाची बाही सरळ करायला लागली. सासूबाईंनी इस्त्री ठेवली.

"आई, तुम्ही सांगा," डागवालीनं कापूस पुन्हा उचलला, अगदी गोड आवाजात. "काढू का उरलेला?"

सासूबाईंनी स्पिरिटच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"राहू दे," त्या सुनेला म्हणाल्या. "तूही तशीच गेली होतीस."