दोन पडदे खाली

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हरी बर्गेने पाचवी बास गिटार स्टँडवर परत ठेवली.

"न्हाई," तो म्हणाला. "हिच्यातबी त्यो आवाज न्हाई."

सांगलीतलं हे वाद्यांचं दुकान पद्मावती मगदूम चालवतात. वय एकसष्ट. गिऱ्हाईक त्यांना पद्माक्का म्हणतं. पेट्यांचे सूर लावण्याचं काम त्या चाळीस वर्षं करताहेत, आणि गिऱ्हाईक वाजवत असताना त्या कधी त्याच्याकडे पाहत नाहीत. पाचही गिटारींच्या वेळी त्या एका पेटीच्या भात्याला डिंक लावत होत्या.

"कुठला ओ आवाज?" त्यांनी विचारलं.

"आमच्या पार्टीच्या गिटारचा. खाली बसायचा. पोटात."

"पोटात काय, जेवण बसतंय. आवाज सांगा की नीट."

हरीने नुसता पोटावर हात ठेवून दाखवला.

हरी एकोणपन्नास वर्षांचा आहे. कोरेगावात आल्याच्या वखारीत वजनकाट्यावर बसतो. त्याआधी एकोणीस वर्षं तो साताऱ्याच्या भाऊसो ऑर्केस्ट्रात बास वाजवत होता. यात्रा, हळदी, लग्नं, गणपती. या एकोणीस वर्षांत बास गिटार त्याची नव्हती. पार्टीची रीत अशी होती की वाद्यं मालकाची, वादकाने फक्त हात आणायचे. कार्यक्रमाआधी पार्टीचे मालक आणि गायक भाऊसो पेटारा उघडत, स्वतः तारा लावत आणि गिटार हरीच्या गळ्यात अडकवत. शेवटचं गाणं झालं की ती पुन्हा पेटाऱ्यात, पेटारा टेंपोत, कुलूप भाऊसोंच्या कनवटीला. घरी न्यायची परवानगी कुणालाच नव्हती. हरीने एकदा मागितली होती. "आज तू नेशील, उद्या ढोलकीवाला नेईल," एवढंच उत्तर मिळालं.

मग हरीने घरी सागाची एक फळी घेतली. तिच्यावर चार तंगूस ताणले, खिळे ठोकले, गिटारच्या मानेवर जिथे पडदे असतात तिथे मोजून आडव्या रेघा मारल्या. गाणी त्याने त्या फळीवर बसवली. फळीतून आवाज येत नसे. बोटं तेवढी फिरत.

चार वर्षांपूर्वी पार्टी बंद पडली. लग्नांत आता एक गायक आणि एक लॅपटॉप पुरतो. भाऊसोंनी वाद्यं विकली. गिटार कुणी नेली, हे हरीला ठाऊक नाही.

गेल्या सोमवारी जयराज उपाध्ये यांचा फोन आला. त्यांची संगीत पार्टी जैन समाजाच्या पूजा-महोत्सवांत वाजवते. सांगलीजवळच्या एका गावात रविवारपासून आठ दिवस पंचकल्याणक पूजा आहे. बासवाला दुबईला गेला. जयराज म्हणाले, "वाद्य स्वतःचं असेल तर या. पहिल्या दिवशी जमलं तर आठही दिवस तुम्ही. आणि पुढचा सगळा हंगाम."

म्हणून हरी शुक्रवारी रजा टाकून सांगलीला आला होता. खिशात अठरा हजार होते, आणि पिशवीत एक चामड्याचा पट्टा. हा पट्टा त्याने वीस वर्षांपूर्वी कराडात एका चांभाराकडून करून घेतला होता. गिटार पार्टीची असली तरी पट्टा त्याचा होता. कार्यक्रम झाला की तो पट्टा काढून घरी नेत असे.

पद्माक्कांनी तो पट्टा पाहिला आणि डिंकाचा ब्रश खाली ठेवला.

"जयराजकडं वाजवणार म्हणालात न्हवं? पूजेच्या मंडपात चामडं चालत न्हाई. दारातच अडवतील."

"एवढा पट्टा?"

"एवढा काय नि तेवढा काय. पाकीटसुद्धा बाहेर ठेवून जातोय आम्ही." त्यांनी खुंटीवरून एक काळा सुती पट्टा काढला. "हा घ्या. रुंद आहे, खांदा दुखायचा न्हाई. नायलॉनचा घेऊ नका, घामानं सरकतोय."

हरीने चामड्याचा पट्टा घडी घालून पिशवीत ठेवला.

"आता बसा," पद्माक्का म्हणाल्या. "ती दुसरी घ्या मांडीवर. काळी. डोळं मिटा. मी पेटीवर एक सूर धरते, तुम्ही त्योच वाजवायचा. शोधायचा न्हाई, पहिलं बोट पडंल तिथं."

त्यांनी सूर धरला. हरीचं बोट क्षणात पडलं. चुकलं. सूर वर लागला. हरीने लगेच हात खाली सरकवला, पण पद्माक्कांनी मान हलवली. "सुधारू नका. पुन्हा."

दुसरा सूर. पुन्हा वर. तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येक वेळी वर, आणि प्रत्येक वेळी बरोबर दोन पडदे.

हरीचे कान लाल झाले. "चार वर्सं हात न्हाई लावला, म्हणून..."

"गप ओ. विसरलेला माणूस इकडंतिकडं चुकतोय. तुम्ही दरवेळी दोनच घरं वर जाताय. हे विसरणं न्हाई." त्यांनी गिटारच्या डोक्याला एक छोटा चिमटा लावला. चिमट्यावर काडेपेटीएवढी काच होती. तार छेडली की तिच्यावर सुराचं अक्षर उमटे. "हा ट्यूनर. हा वापरला हाय कधी?"

"तारा भाऊसो लावायचे."

"एकोणीस वर्षांत तुम्ही एकदाबी तार लावली न्हाई?"

"हात लावू द्यायचे न्हाईत."

पद्माक्कांनी चारही खुंट्या पिळून तारा उतरवल्या, दोन पडद्यांइतक्या. मग पुन्हा पेटीवर सूर धरला. हरीचं बोट पडलं. बरोबर. दुसरा, बरोबर. तिसऱ्याला त्याने डोळे उघडले. सगळ्यात जाड तार त्याने एकदा मोकळी छेडली आणि ती थांबेपर्यंत हललाच नाही.

"ह्यो," तो म्हणाला. "ह्योच."

त्याने तिथूनच नाथाजीला फोन लावला. नाथाजी पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. आता कराडात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. फोन स्पीकरवर होता.

"नाथाजी, आपली गिटार खाली लावलेली असायची?"

"कंची गिटार? आरं व्हय. दोन घरं. भाऊसोचा गळा कुठं चढत हुता? मी कीबोर्डवर बटण दाबून सगळे सूर दोन घरं खाली आणायचो, आन् तुझ्या तारा ते आधीच उतरवून ठेवायचे. लोकांस्नी वाटायचं, काय सुरात गातोय गडी!" नाथाजी हसला. "तुला म्हाईत न्हवतं?"

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तू इचारलं न्हाईस. भाऊसो सी पट्टी म्हणले की तू सी दाबायचास, मीबी सी दाबायचो. जमत हुतं की."

"ती गिटार कुठं गेली रं?"

"लोणंदला कुणीतरी नेली म्हणत हुते. लय जुनी गोष्ट झाली गड्या. का, नवी घेतोयस व्हय? ह्या वयात?"

"बघतोय."

"घे घे. मग माझ्या पोराच्या हळदीला फुकट वाजव."

फोन बंद झाल्यावर पद्माक्कांनी हिशेब स्पष्ट केला. पैशांचा नाही, सुरांचा.

जयराजच्या पार्टीत अर्धी गाणी कागदावर असतात. कागदावर पट्टी लिहिलेली असते, आणि त्यांचा कीबोर्डवाला कुठलंही बटण दाबत नाही. तिथे तारा जागच्या जागी हव्यात. उरलेलं अर्धं ऐनवेळचं. पंडित मंत्र म्हणता म्हणता एखादं पद धरतो, पट्टी सांगत नाही, आणि बाकीच्यांनी कानाने मागे जायचं असतं. तिथे हरीचा कान एकोणीस वर्षांच्या सवयीने दोन पडदे वर जाणार.

"तारा खाली लावल्या तर तुमचा कान बरोबर, कागद चूक," पद्माक्का म्हणाल्या. "जागेवर लावल्या तर कागद बरोबर, कान चूक."

"दोन दिवसांत कान बदलंल?"

"मला विचारताय? मी पेट्या दुरुस्त करते."

हरीने तीच काळी गिटार घेतली. मिरजेच्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या एकाने ती दुकानात देऊन दुसरी नेली होती. जुनी होती, पण पद्माक्कांनी ती बंदुकीसारखी डोळ्यापुढे धरून तिची मान सरळ असल्याची खात्री करून दिली. बरोबर सुती पट्टा, ट्यूनर आणि जाड अस्तराची पिशवी, कारण गिटार रेल्वेने जाणार होती. केबल त्यांनी टोकं उघडता येणारी दिली. "ऐन कार्यक्रमात तुटली तर कथलाचा डाग मारून घेता येतंय. ती चिकटवलेली टोकं फेकायलाच लागतात." तारांचा एक जाड संच वेगळा दिला. खाली लावलेल्या पातळ तारा सैल पडून पडद्यावर खरखरतात. "खाली ठेवणार असाल तरच चढवा. न्हाईतर परत आणून द्या."

हरी एका छोट्या स्पीकरजवळ थांबला.

"त्यो नको," पद्माक्का म्हणाल्या. "मंडपात जयराजचा साउंड हाय. घरी लाकडी कपाट हाय का?"

"हाय."

"गिटारचं डोकं कपाटाला टेकवा आन् वाजवा. कपाट बोलतंय."

सायंकाळी पावणेसातला हरी कोरेगावात घरी पोहोचला. बायको उमा वाल निवडत होती. त्याने पिशवीची चेन उघडली तेव्हा ती उठून आली, पण तिने गिटारला हात लावला नाही.

"एवढी मोठी? फळी बरी हुती. कपाटामागं बसत हुती."

"फळीला आवाज हुता का?"

"तेच बरं हुतं म्हणते मी." मग तिने कपाटासमोरची जागा मोकळी केली. "वाजवा की. एकोणीस वर्सं मी नुस्ती तुमची बोटं बघितली. यात्रंत आले तवा त्या ढोल-ताशात तुमचा आवाज कुठला, कळला न्हाई. घरी येऊन म्हणले, लय छान."

"खोटं म्हणलीस?"

"मग काय म्हणायचं हुतं?"

हरीने गिटारचं डोकं कपाटाच्या दाराला टेकवलं. तारा दुकानातून आणल्या तशाच, खाली होत्या. त्याने भाऊसोंच्या शेवटच्या गाण्याची चाल धरली. कपाट घुमलं, आतली स्टीलची ताटं बारीक किणकिणली. उमाने पदर मागे सारला आणि दाराला कान लावला. गाणं संपलं तरी तिने तो काढला नाही.

"हे तुमी वाजवायचा? एवढं खालून?"

"व्हय."

"आनिक एकदा."

त्याने आणखी एकदा वाजवलं. मग ट्यूनर लावून तारा जागेवर आणल्या, अक्षर अक्षर पाहत, आणि तीच चाल तशी वाजवली. हे करायला त्याला वीस मिनिटं लागली. आयुष्यात पहिल्यांदाच तो तार लावत होता.

"कंचं बरं?" त्याने विचारलं, आणि कागद आणि कान यांची भानगड तिला सांगितली.

उमा म्हणाली, "मला ह्यातलं काय कळतंय. जयराज उपाध्यांना फोन लावा, खरं काय ते सांगा. जमवून घेतील."

"आन् म्हणले, नको येऊ?"

"मग न्हाई म्हणतील." ती पुन्हा वालाच्या ताटाजवळ बसली. "खरं सांगू? पैल्यांदा वाजवलंत तवा तुमची मान हालत हुती. आत्ता न्हाई हालली. आत्ता तुमी काट्यावर बसता तसं बसला हुता."

शनिवारी हरी कामावर गेला. दुपारच्या सुट्टीत त्याने जयराज यांचा नंबर दोनदा काढला आणि दोन्ही वेळा फोन खिशात ठेवला. सायंकाळी चार ते आठ तो कपाटाला टेकून बसला. तारा जागेवर लावलेल्या. उमा स्वयंपाकघरातून कुठलंही गाणं मधूनच धरायची, तिच्या मनाला येईल त्या सुरात, आणि तो मागे जायचा. तिने मोजलं: एकतीस वेळा धरलं, नऊ वेळा बोट पहिल्या फटक्यात बरोबर पडलं. आठनंतर त्याने तारा पुन्हा उतरवल्या, भाऊसोंची तीन गाणी वाजवली आणि गिटार पिशवीत घातली. जाड तारांचा संच त्याने उघडला नव्हता. परतही केला नव्हता.

चामड्याचा पट्टा उमाने फळीला बांधला आणि फळी कपाटामागे सरकवली.

सात वाजून पन्नास मिनिटांनी, रविवारी, जयराज यांचा मेसेज आला: "पहिलं पद पंडितजी कुठून धरतील सांगता येत नाही. त्यानंतर कागद. साडेअकराला मंडपात या." हरी तेव्हा गाडीत होता. मेसेज त्याने वाचला, हे जयराज यांना त्यांच्या फोनवर दिसलं. उत्तर हरीने पाठवलं नाही.

गाडीने कराड सोडलं तेव्हा पिशवी त्याच्या गुडघ्यांमध्ये उभी होती. तारा दोन पडदे खाली होत्या. पहिल्या पदानंतर लागेल म्हणून ट्यूनर शर्टाच्या खिशात होता.