सत्याचं पाणी

सभागृह मुलांनी खच्चून भरलं होतं, पण कुणी चुळबुळसुद्धा करत नव्हतं. पांढऱ्या कोटातले प्रवचनकार झारी उंचावून गरजले, "कोण खरं, कोण खोटारडं, ते मी नाही सांगणार. हे सत्याचं पाणी सांगेल! साक्षीदार फिरतो, वकील फिरतो, पाणी कधी फिरत नाही!"

मिशनच्या शाळाशाळांतून सद्गुणांची पेरणी करत हिंडणं हा त्यांचा उद्योग. दाराशी उभं राहून त्यांनी प्रत्येक मुलाचा हात प्रेमानं हातात घेतला होता. आता मुलं रांगेनं ओंजळ पुढे करत होती आणि ते पाणी ओतत होते. बहुतेकांच्या ओंजळीत पाणी पाणीच राहिलं. पण सहावीतला भांडकुदळ आला आणि त्याची ओंजळ गुलाबी झाली! मग कॉपीबहाद्दराची, मग थापाड्याची. सिस्टर मुख्याध्यापिकांनी क्रूसाची खूण केली.

"आता हे पश्चात्तापाचं पाणी!" प्रवचनकारांनी दुसरी झारी उचलली. रंग नाहीसा झाला. "पाप धुतलं गेलं, बाळांनो! देणगीची पेटी दाराशी आहे, हात सुकले की आठवण ठेवा."

नीतिशिक्षणाच्या बाईंच्या अंगावर काटा आला. वर्षभर घसा कोरडा करून त्यांना जे जमलं नव्हतं, ते या माणसानं एका झारीत करून दाखवलं होतं. एक गोष्ट तेवढी मनाला टोचत होती. सकाळी चहा घेताना व्रात्य मुलं कोणती, हे त्यांनीच प्रवचनकारांना खिडकीतून दाखवलं होतं.

तेवढ्यात चौथीतली चिमणी पुढे आली. हे तिचं टोपणनाव, कारण मूर्ती लहान आणि आवाज त्याहून लहान. येत्या रविवारी तिचा पहिला परमप्रसाद होता, म्हणजे चर्चमध्ये वेदीपाशी जाऊन पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायचा मान. पाणी पडताच तिचे तळवे लालगुलाबी झाले, सगळ्यांहून गडद. प्रवचनकारही क्षणभर चपापले, पण लगेच सावरले. "अरेरे! पाखरू एवढंसं आणि पाप केवढं!" पश्चात्तापाचं पाणी ओतलं तरी रंग पुरता जाईना.

हिला तर बाईंनी दाखवलं नव्हतं. म्हणजे चमत्कार खरा! बाईंची शंका तिथल्या तिथे विरली.

"आज प्रार्थनेला उशिरा का आलीस? कुठे होतीस?" त्यांनी सगळ्यांदेखत दरडावलं.

चिमणी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"मग रविवारी वेदीपाशी यायचं नाही."

दोन दिवसांनी विज्ञानाचे सर रजेवरून परतले. उरलेलं पाणी सिस्टरांनी बाटलीत भरून प्रार्थनागृहात ठेवलं होतं. सरांनी ते शिक्षकांच्या खोलीत आणलं, तळहातावर धुण्याचा सोडा चोळला आणि बाईंना म्हणाले, "ओता."

हात गुलाबी झाला.

"बघा, मीही पापी! अहो, यात फिनॉल्फथेलिन नावाचं रसायन आहे, आमच्या प्रयोगशाळेतही त्याची बाटली असते. सोडा लागला की रंग येतो, लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की जातो. त्यानं दाराशी हात कसे मिळवले ते आठवा. हव्या त्या पोराच्या हाताला सोडा लावून ठेवला."

"पण चिमणीला तर तोच दचकला होता," बाई पुटपुटल्या.

चिमणीला बोलावलं. सरांनी हळूच विचारलं, "त्या दिवशी सकाळी हात कशात घातले होतेस गं?"

"सोड्यात. वेदीची वस्त्रं धुतली. धुणाऱ्या आजींचे गुडघे धरलेत." ती बाईंकडे वळली. "सांगितलं नाही, कारण तुम्हीच शिकवलंत ना, चांगलं काम गुपचूप करायचं."

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. वर्षभरात त्यांची शिकवण एकीनंच मनावर घेतली होती आणि तिलाच त्यांनी चारचौघांत पापी ठरवलं होतं. त्या खाली बसल्या, तिचे हात धरून म्हणाल्या, "चुकले गं मी. रविवारी तू सगळ्यांच्या पुढे."

"पण बाई, मी फादरांपाशी कबूल करून आले. आईच्या डब्यातली साखर चोरली म्हणून."

"चोरली होतीस?"

"नाही. पण पाणी कशाला खोटं बोलेल? काहीतरी सांगायला हवं होतं ना."

सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा चिमणी खोटं बोलली होती आणि तेही त्या सत्याच्या पाण्यापायी.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या शाळेपुढे स्वतःच्या हातावर सोडा चोळून तो गुलाबी करून दाखवला. मुलं हसली. बाईंना हसू येईना.

"लबाडी त्या माणसानं केली," त्या म्हणाल्या, "पण समोर जितीजागती पोर उभी असताना मी विश्वास ठेवला तो झारीवर. मुलांनो, देवावर श्रद्धा जरूर ठेवा. पण कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, यात काय घातलंय? देवाला त्याचा राग येणार नाही, लबाडाला येईल. आणि एखाद्याला खोटं ठरवायची वेळ आली, तर त्यालाच नीट विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा. मी थांबले नाही."